आर्थर वेलस्ली, वेलिंग्टनचा पहिला ड्यूक

आर्थर वेलस्ली, वेलिंग्टनचा पहिला ड्यूक (१ मे १७६९ – १४ सप्टेंबर १८५२) हा ब्रिटिश सेनानी, मुत्सद्दी आणि युनायटेड किंग्डमचा पंतप्रधान होता. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनचा पराभव करणाऱ्या सेनापतींपैकी एक म्हणून तो जगाला परिचित आहे. मराठी वाचकाला मात्र त्याची ओळख त्याआधीच्या एका पराक्रमामुळे आहे. १८०३ च्या दुसऱ्या इंग्रज–मराठा युद्धात अहमदनगर, असई, अडगाव आणि गाविलगड येथे शिंदे व भोसले यांच्या फौजांचा पराभव करणारा जनरल वेलस्ली तो हाच. महाराष्ट्राच्या भूमीवर प्रत्यक्ष लढाई लढलेला तो एकमेव ब्रिटिश पंतप्रधान होय. २२ जानेवारी १८२८ ते १६ नोव्हेंबर १८३० या काळात तो पंतप्रधान होता. नोव्हेंबर–डिसेंबर १८३४ मध्ये त्याने सुमारे तीन आठवडे हंगामी स्वरूपात पुन्हा हे पद सांभाळले. सेनापती म्हणून त्याच्या श्रेष्ठत्वाविषयी फारसे दुमत नाही. पंतप्रधान म्हणून त्याची योग्यता किती, हा मात्र इतिहासकारांमध्ये वादाचा विषय राहिला आहे.

बालपण व शिक्षण

आर्थरचा जन्म आयर्लंडमधील एका इंग्रजवंशीय प्रॉटेस्टंट सरदार घराण्यात डब्लिन येथे झाला. घराण्याचे आडनाव त्या वेळी वेस्ली असे लिहीत. १७९८ पासून ते वेलस्ली असे लिहिले जाऊ लागले. वडील गॅरेट, मॉर्निंग्टनचे अर्ल, हे संगीतज्ञ म्हणून प्रसिद्ध होते. १७८१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि कुटुंबाची आर्थिक स्थिती खालावली. थोरला भाऊ रिचर्ड हा बुद्धिमान व महत्त्वाकांक्षी होता. त्याच्या तुलनेत आर्थर मागे पडलेला, एकलकोंडा मुलगा मानला जाई. ईटन येथील शाळेत त्याने तीन वर्षे काढली, परंतु अभ्यासात चमक दाखवली नाही. त्यानंतर आईबरोबर काही काळ ब्रुसेल्सला राहून १७८६ मध्ये तो फ्रान्समधील आंजे येथील अश्वारोहणाच्या विद्यालयात दाखल झाला. तेथे तो उत्तम घोडेस्वार बनला आणि फ्रेंच भाषाही चांगली शिकला. पुढे ज्या राष्ट्राशी त्याला आयुष्यभर लढावे लागले, त्याच राष्ट्रात त्याचे हे शिक्षण झाले.

लष्करी सेवेचा आरंभ

मार्च १७८७ मध्ये आर्थर सैन्यात रुजू झाला. त्या काळी ब्रिटिश सैन्यातील अधिकारपदे पैसे भरून विकत घेता येत. भावाच्या आर्थिक साहाय्याने व वशिल्याने तो भराभर वर चढला आणि १७९३ मध्ये ३३ व्या पायदळ पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. दरम्यान १७९० मध्ये तो आयर्लंडच्या संसदेत ट्रिम मतदारसंघाचा प्रतिनिधी म्हणून निवडून आला होता. कॅथरिन पॅकेनहॅम या सरदारकन्येशी विवाह करण्याची त्याची इच्छा होती, परंतु पैसा व भवितव्य नसलेला तरुण म्हणून तिच्या घरच्यांनी त्याला नकार दिला. या नकारानंतर त्याने आपली आवडती व्हायोलिन जाळून टाकली आणि सैनिकी पेशाकडे पूर्ण लक्ष वळवले. १७९४–९५ मधील फ्लँडर्सची मोहीम ब्रिटिशांच्या अंगलट आली. रसदीची हेळसांड आणि नेतृत्वाचा गोंधळ यांमुळे सैन्याची कशी वाताहत होते, हे त्याने त्या मोहिमेत जवळून पाहिले. पुढील काळात रसदीविषयी त्याने जी कमालीची दक्षता घेतली, तिचे मूळ या अनुभवात आहे.

हिंदुस्थानात आगमन: म्हैसूर व धोंडिया वाघ

फेब्रुवारी १७९७ मध्ये वेलस्ली आपल्या पलटणीसह कलकत्त्यास पोहोचला. पुढच्याच वर्षी त्याचा थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल म्हणून आला. तैनाती फौजेच्या तहांद्वारे एतद्देशीय संस्थाने कंपनीच्या अंकित करणारा लॉर्ड वेलस्ली तो हाच. भावाच्या या पदाचा आर्थरला लाभ झाला, तसाच पक्षपाताचा आरोपही त्याला सहन करावा लागला.

१७९९ च्या चौथ्या इंग्रज–म्हैसूर युद्धात त्याने भाग घेतला. ५ एप्रिलच्या रात्री श्रीरंगपट्टणजवळच्या एका राईवर त्याने केलेला हल्ला अंधार व अपुरी टेहळणी यांमुळे फसला. ४ मे रोजी श्रीरंगपट्टण पडले व टिपू सुलतान मारला गेला. त्यानंतर तेथील कारभार आर्थरकडे सोपवण्यात आला.

टिपूच्या कैदेतून सुटलेल्या धोंडिया वाघाने या सुमारास मोठी फौज जमवून कर्नाटकात धुमाकूळ घातला. जून १८०० मध्ये पेशव्यांचे सरदार धोंडोपंत गोखले त्याच्याशी लढताना मारले गेले. वेलस्लीने त्याचा अनेक आठवडे पाठलाग केला आणि १० सप्टेंबर १८०० रोजी कोनगल येथे त्याला गाठून ठार केले. बैलांच्या तांड्यांवर धान्य लादून फौजेबरोबर न्यावे, नद्या उतरण्यासाठी नावा आधीच तयार ठेवाव्यात आणि हलक्या फौजेने शत्रूला उसंत मिळू देऊ नये, या गोष्टी तो या मोहिमेत शिकला. धोंडियाचा लहान मुलगा छावणीत सापडला. त्याच्या पालनपोषणाची व्यवस्था वेलस्लीने केली.

१८०१ मध्ये इजिप्तच्या मोहिमेवर दुय्यम सेनापती म्हणून जाण्यासाठी तो मुंबईस आला, परंतु आजारपणामुळे त्याला येथेच थांबावे लागले. ज्या जहाजातून तो जाणार होता ते तांबड्या समुद्रात सर्व प्रवाशांसह बुडाले.

वसईचा तह व पुण्याची स्वारी

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ झालेल्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवा दुसरा बाजीराव आणि दौलतराव शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. बाजीराव पुणे सोडून पळाला आणि इंग्रजांच्या आश्रयास गेला. साष्टी बेटाच्या उत्तरेस, खाडीपलीकडे असलेल्या वसई येथे ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने कंपनीशी तह केला. या तहाने पेशव्याने तैनाती फौज स्वीकारली आणि तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून दिला. परराज्यांशी स्वतंत्रपणे व्यवहार करण्याचा आपला अधिकारही त्याने गमावला.

बाजीरावाला गादीवर परत बसवण्याचे काम मेजर जनरल वेलस्लीकडे आले. मार्च १८०३ मध्ये तो म्हैसूरच्या हद्दीवरून निघाला. होळकरांनी पुण्यास ठेवलेले अमृतराव शहर जाळणार असल्याची बातमी लागताच त्याने पायदळ मागे ठेवले आणि घोडदळासह सुमारे ६० मैलांची मजल ३२ तासांत मारून २० एप्रिल रोजी पुणे गाठले. अमृतराव त्याआधीच शहर सोडून गेले होते. १३ मे रोजी बाजीराव पुण्यात परतला. मार्गातील गावे लुटू नयेत, धान्याचे पैसे रोख द्यावेत, अशी सक्त ताकीद वेलस्लीने फौजेला दिलेली होती. लूटमारीने हैराण झालेल्या मुलखात या शिस्तीचा मोठा राजकीय उपयोग झाला.

अहमदनगर आणि असई

वसईचा तह शिंदे व नागपूरचे रघूजी भोसले यांना मान्य नव्हता. वाटाघाटी निष्फळ ठरल्यावर ऑगस्ट १८०३ मध्ये युद्धास तोंड फुटले. होळकर या युद्धापासून अलिप्त राहिले. मराठा मंडळातील ही फूट इंग्रजांच्या पथ्यावर पडली.

८ ऑगस्ट रोजी वेलस्लीने अहमदनगरची (आताचे अहिल्यानगर) तटबंदीची पेठ शिड्या लावून घेतली. १२ ऑगस्टला किल्लाही त्याच्या हाती आला. त्यामुळे गोदावरीपर्यंतच्या मुलखात त्याला भक्कम ठाणे व धान्याचे कोठार मिळाले.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी सध्याच्या जालना जिल्ह्यातील असई या गावाजवळ शिंदे–भोसल्यांची संपूर्ण फौज त्याच्यासमोर आली. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी फौज येऊन मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी हल्ला करावा असे ठरलेले होते. परंतु शत्रू निसटेल या शंकेने वेलस्लीने त्याच दिवशी एकट्याने लढण्याचा निर्णय घेतला. त्याच्याजवळ कंपनीचे व इंग्लंडच्या राजाचे मिळून सुमारे ७,००० शिपाई होते. शिवाय म्हैसूर व पेशव्यांचे घोडदळ होते. मराठ्यांकडे पोलमन या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली १०,००० हून अधिक कवायती पायदळ, त्याखेरीज हजारो इतर शिपाई, प्रचंड घोडदळ आणि सुमारे १०० तोफा होत्या.

मराठ्यांची छावणी केळणा व जुई या दोन नद्यांच्या दुआबात होती. केळणेला जवळपास उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले. परंतु नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर वसलेली दोन गावे वेलस्लीच्या दृष्टीस पडली. अशा गावांमध्ये येण्याजाण्याची वाट असणारच, असा तर्क त्याने केला. तो खरा ठरला. तेथून नदी उतरून त्याने शत्रूच्या बगलेवर चाल केली. पोलमनने मात्र आपली संपूर्ण पायदळाची फळी तत्परतेने वळवून त्याच्यासमोर उभी केली. इतकी शिस्तबद्ध हालचाल वेलस्लीला अपेक्षित नव्हती. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफांचा भयंकर मारा केला. ७४ वी हायलँडर पलटण चुकून असई गावाच्या फार जवळ गेली आणि जवळजवळ नष्ट झाली. अनेक गोलंदाज मरेपर्यंत तोफांपाशी उभे राहिले. काहींनी मेल्याचे सोंग घेऊन, इंग्रज फळी पुढे जाताच तोफा पुन्हा चालवल्या. वेलस्लीचा एक घोडा ठार व दुसरा जखमी झाला. अखेर संगिनींचा हल्ला व घोडदळाची धडक यांपुढे मराठा फळी मोडली. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. त्यांचे ४२८ जण ठार आणि १,१३८ जखमी झाले. लढणाऱ्या सैन्याच्या मानाने ही हानी फार मोठी होती, त्यामुळे तत्काळ पाठलाग करणेही शक्य झाले नाही. शिंद्यांच्या बाजूने पायदळ व तोफखाना प्राणपणाने लढला, परंतु मोठ्या घोडदळाचा उपयोग झाला नाही आणि वरिष्ठ नेतृत्व रणांगणावर टिकून राहिले नाही.

उतारवयात आपली सर्वोत्तम लढाई कोणती असे विचारले असता वेलिंग्टनने वॉटर्लूचे नव्हे, तर असईचे नाव घेतले, अशी आठवण सांगितली जाते.

अडगाव, गाविलगड व तह

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी सध्याच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे वेलस्ली व स्टीव्हन्सन यांच्या एकत्रित फौजेने भोसल्यांचा पराभव केला. त्यानंतर सातपुड्याच्या गाविलगड शाखेतील, चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाला वेढा पडला. डोंगरातून तोफा ओढून नेण्यासाठी नवी वाट करावी लागली. १५ डिसेंबरला तटास खिंडार पाडून किल्ला घेण्यात आला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला.

१७ डिसेंबरला देवगाव येथे भोसल्यांशी आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगाव येथे शिंद्यांशी तह झाला. भोसल्यांनी कटक प्रांत व वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला. शिंद्यांनी गंगा–यमुना दुआब, दिल्ली–आग्र्याकडील प्रदेश, भडोच व अहमदनगर यांवरील हक्क सोडले. उत्तरेत जनरल लेकने दिल्ली व लासवारी येथे मिळवलेले विजयही या तहांमागे होते. या मोहिमेत वेलस्लीबरोबर असलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम हे दोघेही पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले.

१८०३–०४ मध्ये दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. फौजांच्या वावराने व लुटीने आधीच उजाड झालेल्या मुलखात त्याची तीव्रता वाढली. अहमदनगर येथे अंगमेहनतीच्या मोबदल्यात धान्य देण्याची व्यवस्था वेलस्लीने करवली. १८०४ च्या मार्चमध्ये तो मुंबईस आला तेव्हा नागरिकांनी त्याचा मानपत्र देऊन सत्कार केला. मार्च १८०५ मध्ये त्याने हिंदुस्थान कायमचा सोडला.

युरोपातील युद्धे

इंग्लंडला परतल्यावर १८०६ मध्ये वेलस्लीने कॅथरिनशीच विवाह केला. हा संसार फारसा सुखाचा झाला नाही. त्याच वर्षी तो ब्रिटिश संसदेचा सदस्य झाला आणि १८०७ मध्ये आयर्लंडचा मुख्य सचिव बनला.

१८०८ पासून पोर्तुगाल व स्पेनमध्ये नेपोलियनच्या सेनापतींशी त्याने दीर्घ युद्ध केले. हिंदुस्थानातील यश दुय्यम मानणाऱ्या अधिकाऱ्यांना त्याने या युद्धात उत्तर दिले. लिस्बनच्या रक्षणासाठी त्याने टोरेस व्हेद्रासची तटबंदी गुप्तपणे उभारली. सालामांका (१८१२) व व्हिटोरिया (१८१३) येथील विजयांनंतर फ्रेंच फौजा स्पेनमधून मागे हटल्या. १८१४ मध्ये त्याला ड्यूक ही पदवी मिळाली. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लू येथे त्याच्या फौजेने दिवसभर फ्रेंच हल्ले थोपवून धरले आणि सायंकाळी ब्ल्यूखरचे प्रशियन सैन्य येऊन मिळाल्यावर नेपोलियनचा निर्णायक पराभव झाला. पुढील तीन वर्षे वेलिंग्टन फ्रान्समधील दोस्त सैन्याचा प्रमुख होता. पराभूत फ्रान्सवर सूड उगवण्यास त्याचा विरोध होता.

राजकारण व पंतप्रधानपद

डिसेंबर १८१८ मध्ये लॉर्ड लिव्हरपूलच्या मंत्रिमंडळात वेलिंग्टन सामील झाला. तो टोरी पक्षाचा असला, तरी स्वतःला पक्षाचा नव्हे तर राजसत्तेचा सेवक मानत असे. १८२७ मध्ये लिव्हरपूल आजारी पडला आणि कॅनिंग पंतप्रधान झाला. त्याच्या हाताखाली काम करण्यास वेलिंग्टनने नकार दिला. कॅनिंगचा काही महिन्यांतच मृत्यू झाला. त्याच्या जागी आलेल्या गोडरिचला मंत्रिमंडळ सांभाळता आले नाही. तेव्हा राजा चौथा जॉर्ज याने जानेवारी १८२८ मध्ये वेलिंग्टनला पाचारण केले.

सैन्यात दिलेली आज्ञा पाळली जाते. मंत्रिमंडळात मात्र प्रत्येक सहकाऱ्याचे मन वळवावे लागते. या फरकाशी जुळवून घेणे वेलिंग्टनला जड गेले. चारच महिन्यांत हस्किसन व त्याचे उदारमतवादी सहकारी बाहेर पडले.

कॅथलिकांना राजकीय हक्क

आयर्लंडमध्ये बहुसंख्य असलेल्या कॅथलिकांना ब्रिटिश संसदेत बसण्याचा अधिकार नव्हता. जुलै १८२८ मध्ये डॅनिएल ओकॉनेल हा कॅथलिक नेता क्लेअर येथून निवडून आला, परंतु कायद्यानुसार त्याला जागा घेता येईना. आयर्लंडमध्ये बंड होण्याची चिन्हे दिसू लागली. वेलिंग्टन स्वतः आयर्लंडमधील प्रॉटेस्टंट सरदारवर्गातला आणि पक्षाने तर कॅथलिक हक्कांना सदैव विरोध केलेला होता. तरीही यादवी युद्धापेक्षा सवलत बरी, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याने रॉबर्ट पीलला बरोबर घेतले, नाखूश राजाला राजीनाम्याच्या धाकाने वळवले आणि उमरावांच्या सभागृहात बहुमत मिळवले. १३ एप्रिल १८२९ रोजी हा कायदा संमत झाला. याच वेळी आयर्लंडमधील मतदानासाठी आवश्यक मालमत्तेची अट ४० शिलिंगांवरून १० पौंडांवर नेण्यात आली आणि असंख्य गरीब शेतकऱ्यांचा मताधिकार गेला, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

या प्रश्नावरून अर्ल ऑफ विंचिल्सीने त्याच्यावर धर्मद्रोहाचा आरोप केला. तेव्हा पंतप्रधानपदी असतानाच वेलिंग्टनने त्याला द्वंद्वाचे आव्हान दिले. २१ मार्च १८२९ रोजी लंडनमधील बॅटरसी येथे हे द्वंद्व झाले. दोघांनीही एकमेकांना गोळी लागू दिली नाही आणि विंचिल्सीने लेखी क्षमा मागितली. १८२९ मध्येच गृहमंत्री पीलने लंडनसाठी संघटित पोलीस दलाची स्थापना केली.

पंतप्रधानकाळातील हिंदुस्थान

या काळात लॉर्ड विल्यम बेंटिंक गव्हर्नर जनरल होता. डिसेंबर १८२९ मध्ये त्याने सतीबंदीचा कायदा केला. मुंबईचे गव्हर्नरपद वेलिंग्टनचा जुना स्नेही माल्कम याच्याकडे होते. मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाचा अधिकार मुंबई बेटाबाहेर, दख्खनेतील प्रजेवर चालतो की नाही, हा वाद या सुमारास विकोपास गेला. पुण्यातील मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलास न्यायालयापुढे हजर करण्याचा हुकूम न्यायमूर्तींनी काढला. गव्हर्नरने त्याची अंमलबजावणी करण्यास नकार दिला. १८२९ मध्ये न्यायमूर्ती ग्रँट याने निषेध म्हणून न्यायालयाचे कामकाजच थांबवले. वेलिंग्टनच्या मंत्रिमंडळात हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या एलेनबरोने माल्कमची बाजू उचलून धरली आणि प्रिव्ही कौन्सिलचा निर्णयही सरकारच्या बाजूने लागला. वसईच्या तहापासून दख्खनेत सुरू झालेली प्रक्रिया पेशवाई बुडाल्यानंतर कोणत्या प्रश्नांपर्यंत येऊन पोहोचली, हे या प्रकरणावरून दिसते.

संसदीय सुधारणेला विरोध व राजीनामा

ब्रिटनमधील मतदारसंघांची रचना त्या काळी अत्यंत विषम होती. ओल्ड सेरमसारख्या ओसाड जागेतून मूठभर मतदार दोन प्रतिनिधी पाठवत, तर मँचेस्टर व बर्मिंगहॅम या वाढत्या औद्योगिक शहरांना स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. १८३० मध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली. इंग्लंडच्या ग्रामीण भागात शेतमजुरांनी गंज्या व मळणीयंत्रे जाळली. सुधारणेची मागणी जोर धरू लागली. अशा वेळी २ नोव्हेंबर १८३० रोजी वेलिंग्टनने उमरावांच्या सभागृहात प्रचलित व्यवस्था निर्दोष असल्याचे प्रतिपादन केले आणि आपण सत्तेवर असेपर्यंत कोणत्याही सुधारणेस विरोध करू, असे जाहीर केले. या भाषणाने तडजोडीचे सर्व मार्ग बंद झाले. कॅथलिक प्रश्नावरून दुखावलेले जुने टोरीही त्याच्या विरोधात गेले. पंधरवड्याच्या आतच सरकारचा पराभव झाला आणि १६ नोव्हेंबरला त्याने राजीनामा दिला. त्यानंतर अर्ल ग्रे पंतप्रधान झाला आणि त्याच्या कारकिर्दीत १८३२ चा सुधारणा कायदा संमत झाला.

सुधारणेच्या आंदोलनात संतप्त जमावाने वेलिंग्टनच्या लंडनमधील वाड्याच्या खिडक्या फोडल्या. त्याने खिडक्यांना लोखंडी झडपा बसवल्या. त्याचे पोलादी ड्यूक हे टोपणनाव लोकांनी या झडपांशी जोडले. मे १८३२ मध्ये राजाने त्याला पुन्हा सरकार बनवण्यास सांगितले, परंतु पुरेसा पाठिंबा मिळाला नाही. अखेर त्याने आपल्या अनुयायांना मतदानापासून दूर राहण्यास सांगितले आणि त्यामुळे विधेयकाचा मार्ग मोकळा झाला.

अखेरची वर्षे

नोव्हेंबर १८३४ मध्ये राजाने त्याला पंतप्रधान होण्याची विनंती केली. त्याने पीलचे नाव सुचवले आणि पील इटलीहून परत येईपर्यंत, १७ नोव्हेंबर ते ९ डिसेंबर, राज्याचा कारभार जवळजवळ एकट्याने सांभाळला. त्यानंतर पीलच्या हाताखाली परराष्ट्रमंत्री म्हणून काम करण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. १८४६ मध्ये धान्यावरील आयातकर रद्द करण्याचा पीलचा निर्णय त्याला मनापासून पटलेला नव्हता, तरीही देशाचा कारभार चालला पाहिजे या भूमिकेतून त्याने उमरावांची संमती मिळवून दिली. १८४९ मध्ये चिलियनवाला येथे शिखांकडून इंग्रजी फौजेची मोठी हानी झाल्याची वार्ता आली. तेव्हा हिंदुस्थानात जाण्यास चार्ल्स नेपियर तयार नसल्यास ऐंशीच्या घरातील आपण स्वतः जाऊ, अशी तयारी त्याने दाखवली. १४ सप्टेंबर १८५२ रोजी वॉल्मर येथील किल्ल्यात त्याचे निधन झाले. १८ नोव्हेंबर रोजी लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये शासकीय इतमामाने त्याचा दफनविधी झाला.

पंतप्रधान म्हणून मूल्यमापन

ब्रिटनचा उत्तम पंतप्रधान कोण आणि निकृष्ट कोण, ही चर्चा तेथील अभ्यासकांमध्ये दीर्घकाळ चालू आहे. विसाव्या शतकापुरत्या मर्यादित क्रमवाऱ्यांत क्लेमंट ॲटली व विन्स्टन चर्चिल हे बहुधा वरच्या स्थानी असतात आणि सुएझ प्रकरणामुळे (१९५६) अँथनी ईडन तळाशी जातो. आधीच्या काळात अमेरिकन वसाहती गमावणारा लॉर्ड नॉर्थ हा अपयशाचे उदाहरण मानला जातो, तर धाकटा पिट, पील व ग्लॅडस्टन यांची गणना श्रेष्ठांत होते. वेलिंग्टनचे स्थान या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी येते.

त्याच्यावर टीका करणारे १८३० च्या भाषणाकडे बोट दाखवतात. देशातील असंतोषाचा अंदाज त्याला आला नाही, पक्ष एकसंध ठेवता आला नाही आणि जे टाळणे अशक्य होते ते त्याने नाकारले, असा त्यांचा आक्षेप आहे. समर्थकांच्या मते कॅथलिकांना हक्क देणारा कायदा ही एकच गोष्ट त्याला सामान्य पंतप्रधानांच्या वर नेण्यास पुरेशी आहे. कारण हे काम त्याच्या विरोधकांना साधले नव्हते आणि राजा व उमराव यांना वळवू शकेल एवढी प्रतिष्ठा त्या वेळी दुसऱ्या कोणाजवळ नव्हती. दोन्ही प्रसंगांत त्याची मूळ निष्ठा एकच होती. राज्याची घडी मोडू नये, हे त्याचे ध्येय होते. १८२९ मध्ये त्यासाठी माघार घेणे योग्य आहे हे त्याने ओळखले. १८३० मध्ये ते त्याला ओळखता आले नाही. असईला समोरासमोरची दोन गावे पाहून नदीचा उतार शोधणारी त्याची दृष्टी संसदीय राजकारणात तितकीशी उपयोगी पडली नाही.

भारतीय वाचकाचे निकष साहजिकच वेगळे असतात. ॲटलीचे नाव येथे १९४७ च्या स्वातंत्र्याच्या कायद्याशी, चर्चिलचे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाशी आणि रॅम्से मॅकडोनल्डचे १९३२ चा जातीय निवाडा व त्यानंतर येरवड्यात झालेला पुणे करार यांच्याशी जोडले जाते. या दृष्टीने वेलिंग्टनची नोंद त्याच्या मंत्रिमंडळापेक्षा १८०३ च्या मोहिमेमुळे होते. मराठा सत्तेचा शेवट १८१८ मध्ये झाला. परंतु शिंदे–भोसल्यांचे लष्करी बळ त्याने पंधरा वर्षे आधीच खिळखिळे केले होते. त्याचे यश केवळ त्याच्या कर्तृत्वाचे नव्हते. मराठा सरदारांतील दुही, पेशव्याची परावलंबी वृत्ती आणि परकीय अधिकाऱ्यांवर विसंबलेले कवायती पायदळ यांचाही त्यात वाटा होता.

स्मारके

वेलिंग्टनच्या मुंबईतील वास्तव्याची आठवण म्हणून १८६५ मध्ये दक्षिण मुंबईत, आताच्या रीगल चित्रपटगृहासमोरील चौकात वेलिंग्टन कारंजे उभारण्यात आले. अपोलो बंदरालाही वेलिंग्टन पिअर असे नाव देण्यात आले होते, परंतु ते लोकांत रुळले नाही. निलगिरीतील वेलिंग्टन छावणी व न्यूझीलंडची राजधानी यांना त्याचे नाव आहे. मुंबईतील विलिंग्डन क्लब आणि सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय यांचा मात्र त्याच्याशी संबंध नाही. ती नावे १९१३ ते १९१८ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड विलिंग्डनची आहेत.